सासऱ्यांची बंदूक जावयाकडे कशी यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ न्यू जर्सीत, एडिसनला राहतात, ग्रीन कार्डवर आहेत. सासरे गेली तीस वर्षं ह्यूस्टनजवळ. ते अमेरिकन नागरिक आहेत, पण आता घर विकून डिसेंबरअखेरीस कायमचे पुण्याला चालले आहेत. त्यांच्या कपाटात दोन गन आहेत: एक १२ गेजची पंप शॉटगन आणि एक .३८ चं रिव्हॉल्व्हर. "बाबा म्हणतात, दोन्ही तूच ठेव. कुरिअरने मागवायच्या तर कोणत्या कंपनीने? की थँक्सगिव्हिंगला गाडीने जातोच आहोत, येताना डिकीत टाकून आणू? घरातल्या घरातच तर आहे."

शेवटच्या त्या चार शब्दांत सगळा घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझ्याबद्दल. मी पेनसिल्व्हेनियात, न्यू जर्सीच्या हद्दीपासून अर्ध्या तासावरच्या एका बंदुकीच्या दुकानात शनिवार-रविवार काउंटरमागे उभा असतो. हे सतरावं वर्ष. आठवडाभर सॉफ्टवेअर, शनिवारी ट्रान्सफरचे, म्हणजे बंदुकीची मालकी बदलण्याचे, कागद. मी वकील नाही. पण "आमच्या घरातलीच आहे हो" हे वाक्य मी इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये, गुजरातीत आणि मराठीत इतक्या वेळा ऐकलंय, की समोरचा माणूस पुढे काय विचारणार ते त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं.

तुम्ही प्रश्न पार्सलचा समजताय. खरा प्रश्न मालकी बदलण्याचा आहे. वस्तू कुठल्या ट्रकमधून जाते याच्याशी केंद्रीय कायद्याला फारसं देणंघेणं नाही. तो दोनच गोष्टी बघतो: देणारा कुठल्या राज्याचा रहिवासी, घेणारा कुठल्या. दोघं एकाच राज्यातले असतील तर तो गोष्ट बऱ्याच अंशी त्या राज्यावर सोडतो. राज्यं वेगळी असतील आणि दोघांपैकी कोणाकडेही बंदुकांच्या व्यापाराचं केंद्रीय लायसन्स नसेल, तर परस्पर देणं बेकायदा. विकणं, अदलाबदल, बक्षीस, सगळं त्यात आलं. बाप, भाऊ, सासरा, जावई हे शब्द त्या कलमात नाहीतच.

हे असं का, ते कळलं तर नियम डोक्यात पक्का बसतो. मार्च १९६३ मध्ये ली हार्वी ओस्वाल्ड नावाच्या माणसाने मासिकातलं कूपन भरून शिकागोच्या एका दुकानातून इटालियन बनावटीची जुनी लष्करी रायफल टपालाने मागवली. नाव लावलं ए. हायडेल. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट, वर टपालखर्च. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच रायफलने डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. त्यानंतर पाच वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, विधेयकं येत राहिली आणि अडत राहिली. १९६८ मध्ये एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल अ‍ॅक्टवर सही केली. त्या कायद्याचा गाभा हाच: राज्याची हद्द ओलांडून बंदूक हातातून हातात जायची असेल, तर मध्ये एक लायसन्सवाला दुकानदार हवा, त्याच्या वहीत नोंद हवी आणि घेणाऱ्याची ओळख कुणीतरी समोरासमोर पटवलेली हवी. तुमच्या सासऱ्यांची शॉटगन त्या जाळ्यात आली ती अशी.

आता डिकीचं बघू. समजा तुम्ही ह्यूस्टनला गेलात, सासऱ्यांनी प्रेमाने दोन्ही गन हातात दिल्या, तुम्ही सोळाशे मैल गाडी हाकून एडिसनला आलात. त्यांनी परराज्यातल्या माणसाला बंदूक दिली, हा एक गुन्हा. तुम्ही राज्याबाहेर मिळालेली बंदूक आपल्या राज्यात आणली, हा दुसरा. दोन्हींना पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय न्यू जर्सीचा कायदा वेगळा. परमिटशिवाय रिव्हॉल्व्हर जवळ सापडलं तर तिथे तो सेकंड डिग्रीचा गुन्हा, पाच ते दहा वर्षं, आणि त्यातले किमान ४२ महिने पॅरोल नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या शनीन अ‍ॅलन या दोन मुलांच्या आईला न्यू जर्सीत ट्रॅफिक पोलिसांनी थांबवलं. तिने आपणहून सांगितलं की माझ्याकडे गन आहे आणि हे माझं पेनसिल्व्हेनियाचं परमिट. तिला वाटलं गाडीच्या लायसन्ससारखं तेही सगळीकडे चालत असेल. तिला अटक झाली. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टींनी माफी दिली, तेव्हा प्रकरण मिटलं. ती बाई काहीही लपवत नव्हती. हद्दीपासून अर्ध्या तासावर दुकान असल्यामुळे ही गोष्ट मला दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगावी लागते.

आणि तुमच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची आहे, जी तुम्ही प्रश्नात सहज उल्लेखून पुढे गेलात: ग्रीन कार्ड. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीसंबंधी गुन्ह्याची शिक्षा हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. शिक्षा किती मोठी हे तिथे बघितलं जात नाही. शेजारच्या गोऱ्याचं प्रकरण प्रोबेशनवर मिटेल, तुमचं मिटल्यावरही इमिग्रेशनच्या कोर्टात नव्याने सुरू होईल. नागरिकत्वाच्या अर्जाचं काय होईल ते वेगळंच. म्हणून ग्रीन कार्डवाल्यांना मी नेहमी सांगतो, इतर लोक ज्या "चालतं हो"वर निभावून नेतात ते तुमच्यासाठी नाही.

ग्रीन कार्ड आहे म्हणून निदान मार्ग तरी आहे. एच-वन, एल-वन, एफ-वन असा तात्पुरता व्हिसा असता तर गन घेणंच काय, जवळ बाळगणंसुद्धा केंद्रीय कायद्याने बंद आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. हे आपल्या लोकांना अजिबात माहीत नसतं. उन्हाळ्यात आई-वडील व्हिजिटर व्हिसावर येतात, मुलगा हौसेने बाबांना नेमबाजीच्या रेंजवर नेतो, बाबा एनसीसीतल्या थ्री-नॉट-थ्रीच्या आठवणी सांगत चार गोळ्या मारतात, फोटो फॅमिली ग्रुपवर. त्या फोटोत दिसणारा माणूस शिकारीच्या लायसन्सशिवाय असेल तर तो पुराव्याचाच फोटो आहे. तुमच्या घरीही पुढे आई-वडील येऊन राहणार असतील, मेव्हणा एफ-वनवर असेल, तर गन कुलपात आणि किल्ली तुमच्याकडे, हे आजच ठरवा.

तर आता कायदेशीर वाट. सासऱ्यांची बंदूक टेक्सासमधून निघते, न्यू जर्सीतल्या लायसन्सवाल्या दुकानदाराकडे पोचते, तो ती आपल्या वहीत जमा करतो, तुम्ही तिथे जाता, न्यू जर्सीचे कागद दाखवता, केंद्राचा फॉर्म ४४७३ भरता, बॅकग्राउंड चेक होतो, मग तो ती तुमच्या नावे वहीतून वजा करून तुमच्या हातात देतो. एवढंच. ऐकायला सरकारी वाटतं, पण कागद तयार असतील तर काउंटरवर पाऊण तासाचं काम आहे.

कागद तयार असतील तर, यावर जोर आहे. न्यू जर्सीत शॉटगनसाठी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, सगळे त्याला एफआयडी म्हणतात. रिव्हॉल्व्हरसाठी त्याशिवाय हँडगनचं, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारख्या आखूड बंदुकीचं, वेगळं परमिट, एका हँडगनला एक. दोन्हींचा अर्ज तुमच्या गावच्या पोलिसांकडे जातो. बोटांचे ठसे, ओळखीच्या लोकांचे संदर्भ, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासण्याची संमती. कायद्यात ३० दिवस म्हटलंय. प्रत्यक्षात ते तुमच्या गावच्या पोलीस खात्यावर अवलंबून. कुणाला तीन आठवड्यांत मिळालेलं बघितलंय, कुणाला चार महिने लागलेले. संदर्भ म्हणून ज्यांची नावं देणार त्यांना आधी फोन करून सांगा. आपल्याकडचे लोक पोलिसांचा ईमेल आला की घाबरून उत्तरच देत नाहीत, आणि अर्ज तिथेच अडून बसतो. माझ्या एका ओळखीच्याचे दोन महिने त्यातच गेले. संदर्भ देणारे काका तो ईमेल फसवणुकीचा समजून रोज डिलीट करत होते.

न्यू जर्सीच्या नियमांत एक सवलत आहे, ती वाचून लोक हमखास फसतात. खासगी व्यवहार दुकानदारामार्फतच करा असं राज्याने २०१८ पासून सांगितलंय, पण जवळच्या कुटुंबीयांना त्यातून वगळलंय. तुम्ही हे वाचलंत तर म्हणाल, बघा, आहे की घरच्यांना सूट! ती सूट राज्याच्या नियमापुरती, म्हणजे दोघंही न्यू जर्सीचे असतील तर. इथे सासरे टेक्सासचे आहेत, त्यामुळे वरचा केंद्रीय नियम जसाच्या तसा लागू राहतो. राज्याने एक दार उघडं ठेवलं म्हणून केंद्राचं दार उघडत नाही.

पाठवायचं कुणी? कायद्याने पाहिलं तर सासरे स्वतः परराज्यातल्या दुकानदाराला गन पाठवू शकतात. लायसन्सवाल्याला पाठवायला साध्या माणसाला मनाई नाही. अडचण वाहतूकदारांची आहे. यूपीएसने २०२२ पासून खासगी माणसांकडून बंदुका घेणं थांबवलं, करार केलेल्या लायसन्सवाल्यांकडूनच घेतात. फेडेक्सचंही तसंच. काउंटरवर जाऊन "मशीनचे पार्ट आहेत" असं सांगून देणारे महाभाग आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका, खोटं सांगून टाकलेलं पार्सल हरवलं तर विमाही नाही आणि तोंडही नाही. टपालाने शॉटगन दुसऱ्या राज्यातल्या दुकानदाराला पाठवता येते, पण हँडगनसाठी १९२७ सालचा बंदीचा कायदा आहे आणि त्याच्या घटनात्मकतेवर वाद आहे. दोन बंदुकांना दोन वाटा कशाला? सासऱ्यांना म्हणावं, ह्यूस्टनमधल्या चांगल्या दुकानात दोन्ही घेऊन जा, तोच बांधेल, तोच पाठवेल. त्याचा खर्च, वाहतूक आणि इकडच्या दुकानदाराची ट्रान्सफर फी धरून दीडशे-दोनशे डॉलर बाजूला ठेवा. जुन्या रिव्हॉल्व्हरला एवढे पैसे कशाला, असं वाटत असेल तर हरकत नाही, तोही विचार करण्यासारखा आहे. त्याकडे येतो.

पाठवण्याआधी इकडच्या दुकानदाराशी बोलून घ्या. सगळे दुकानदार ट्रान्सफर घेत नाहीत, काही जण खासगी माणसाकडून आलेलं पार्सल घेतच नाहीत, फक्त दुसऱ्या दुकानदाराकडून आलेलं घेतात. तो आपल्या लायसन्सची प्रत तिकडच्या दुकानदाराला पाठवेल. पार्सलमध्ये एक कागद हवा: पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, त्याच्या ओळखपत्राची प्रत, तुमचं नाव, फोन, आणि दोन्ही गनचे सिरीयल नंबर. हे क्षुल्लक वाटतं, पण दुकानदाराला पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर वहीत नोंद करावी लागते की ही वस्तू कोणाकडून आली. नाव नसलेलं पार्सल म्हणजे आमच्यासाठी डोकेदुखी. खोक्यावर बाहेरून "गन" असं काहीही लिहायचं नाही; वाहतूकदाराने तसं लेबल लावायची सक्ती करू नये असं कायद्यातच आहे, चोरांना आमंत्रण नको म्हणून.

आणि आत काय आहे ते दहा वेळा बघा. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक खोकं आलं. एका निवृत्त गृहस्थांनी पाठवलेलं, आपलेच, मराठी. टेप कापली. वर वर्तमानपत्राचे बोळे, खाली धुऊन मऊ पडलेला सुती पंचा, त्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर. पंच्याला अजून कपाटातल्या डांबरगोळीचा वास होता. मी नळी भिंतीकडे करून सिलिंडर बाहेर सरकवला. पाच घरं रिकामी, सहाव्यात पितळेचं बूड चमकत होतं. एक जिवंत काडतूस, हजार मैल ट्रकमधून, विमानातून, सॉर्टिंगच्या पट्ट्यांवरून आलेलं. दुकानाचे मालक शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढून बसून घेतलं. फोन केला तर गृहस्थ म्हणाले, "मी तर रिकामं केलं होतं." त्यांनी चाप दाबून खटका वाजवून बघितला असणार, आणि हातोडी रिकाम्या घरावर पडली असणार. सिलिंडर उघडून बोटाने प्रत्येक घर चाचपायचं असतं. दुकानदाराकडून पाठवलं तर हे काम तो करतो, हाही त्या फीचाच भाग समजा.

शॉटगनबाबत एक आडवाट आहे. रायफल आणि शॉटगन परराज्यातल्या दुकानदाराकडून प्रत्यक्ष हजर राहून घेता येते, दोन्ही राज्यांचे नियम पाळले जात असतील तर. म्हणजे थँक्सगिव्हिंगपर्यंत तुमचं एफआयडी हातात आलं असेल, तर सासऱ्यांनी शॉटगन ह्यूस्टनच्या दुकानात जमा करायची, तुम्ही तिथेच फॉर्म भरून ती घ्यायची, आणि मग ती खरोखरच डिकीत, रिकामी, कुलूपबंद पेटीत, घरी आणता येईल. तत्त्वतः. व्यवहारात टेक्सासचा दुकानदार "न्यू जर्सी" ऐकलं की हात वर करतो, कारण तुमच्या राज्याचा कायदा त्याला माहीत नाही आणि चूक झाली तर लायसन्स त्याचं जातं. मी त्याच्या जागी असतो तर मीही केले असते. रिव्हॉल्व्हरला ही वाट मुळातच बंद. हँडगन फक्त आपल्या राज्यातल्या दुकानदाराकडून.

मग सासऱ्यांनीच स्वतःच्या नावाच्या गन विमानाने घेऊन याव्यात, इथे येऊन दुकानदाराकडे द्याव्यात? कडक पेटी, कुलूप, रिकामी गन, चेक-इन सामानात, काउंटरवर जाहीर करून, हे सगळं नियमांत बसतं. पण १९८६ च्या कायद्याने प्रवाशाला जे संरक्षण दिलंय ते अशा दोन ठिकाणांमधल्या प्रवासाला, जिथे दोन्हीकडे ती गन बाळगणं त्याच्यासाठी वैध आहे. टेक्सासच्या माणसाकडे न्यू जर्सीत परमिटविना रिव्हॉल्व्हर, हे दुसरं टोक डळमळीत आहे. आणि न्यू जर्सीतल्याच नेवार्क विमानतळाचा एक प्रसिद्ध खटला आहे. २००५ मध्ये युटाचे ग्रेग रेव्हेल पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला चालले होते, नेवार्कला जोडविमान चुकलं, बॅग हातात मिळाली, रात्री हॉटेलात राहिले. सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे गन जाहीर केली आणि अटक झाली. २०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हॉटेलात बॅग तुमच्या हाताशी होती, तेव्हा संरक्षण लागू नाही. एका चुकलेल्या विमानावर सत्तरीच्या सासऱ्यांची मान टांगायची का? मी तर नाही टांगणार.

कुणीतरी हेही सुचवेल की बायकोच्या नावावर घ्या, ती तर सख्खी मुलगी. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात याला अर्थ आहे, तिथल्या कौटुंबिक सवलती आई-वडील, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं यांनाच आहेत, जावयाला नाहीत. न्यू जर्सीत तिला गन हवी असेल, ती वापरणार असेल, तर तिने स्वतःचं एफआयडी काढून जरूर घ्यावी. वडिलांची आठवण मुलीकडे राहणं स्वाभाविकच आहे. पण गन खरी तुमच्यासाठी आणि सही तिची, असं नको. फॉर्म ४४७३ वर प्रश्न असतो: ही तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना?

या एका प्रश्नावर एक काका-पुतण्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. ब्रूस अब्राम्स्की, व्हर्जिनियातला माजी पोलीस. २००९ मध्ये काकांना ग्लॉक कंपनीची हँडगन हवी होती, काका पेनसिल्व्हेनियात. पुतण्याला पोलीस सवलतीत स्वस्त मिळणार होती. काकांनी ४०० डॉलरचा चेक पाठवला, चेकच्या कोपऱ्यात लिहिलं "ग्लॉक १९ हँडगन". पुतण्याने व्हर्जिनियात फॉर्मवर स्वतःसाठी घेतोय म्हणून खूण केली, गन घेतली, मग पेनसिल्व्हेनियातल्या दुकानदारामार्फत, काकांचा बॅकग्राउंड चेक करून, रीतसर त्यांना दिली. दोघंही गन घ्यायला पूर्ण पात्र. हद्द ओलांडण्याचा भाग त्यांनी अगदी पुस्तकातल्यासारखा केला होता! तरी २०१४ मध्ये कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम ठेवली, कारण पहिल्या फॉर्मवरचं उत्तर खोटं होतं. खरा घेणारा काका होता. पाच वर्षं प्रोबेशन. सासऱ्यांची गन आधीपासून त्यांचीच आहे, त्यामुळे तुमचा गुंता असा नाही. पण जाता जाता ते म्हणाले, "इकडे स्वस्त मिळते, तू पैसे पाठव, मी नवीनच घेऊन देतो," तर हा चेक आठवा.

नात्याला केंद्रीय कायद्यात खरी जागा एकाच ठिकाणी आहे: मृत्युपत्र. माणूस गेल्यावर मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली बंदूक, वारस दुसऱ्या राज्यातला असला तरी, त्या मनाईतून वगळलेली आहे. वारस स्वतः अपात्र नसावा आणि राज्याचे नियम पाळावेत, एवढीच अट. सासरे हयात आहेत, त्यांना उदंड आयुष्य लाभो, त्यामुळे हे दार तुमच्यासाठी आज नाही. मात्र "मी पुण्याला जातो, गन मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवतो, मृत्युपत्रात तुझं नाव लिहितो" हा सल्लाही कुणी दिला तर ऐकू नका. मालक सातासमुद्रापार, किल्ली तिसऱ्याकडे, आणि मित्राच्या मुलांना गॅरेजचा कोड माहीत. "उसनी दिली" ही पळवाटही तशीच. खेळासाठी, शिकारीसाठी तात्पुरती देणं चालतं, देश सोडून चाललेला माणूस तात्पुरतं काय देणार?

तुमच्या बाबतीत म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी एफआयडी आणि परमिट, मग दुकानदार ठरवणं, मग पार्सल. लोक उलटं करतात. गन दुकानात येऊन पडते, परमिट यायचं असतं, दुकानदार साठवणुकीचे पैसे लावायला लागतो. बॅकग्राउंड चेक नापास झाला तर गन परत सासऱ्यांकडे जायला हवी, आणि सासरे तोवर कोथरूडमध्ये. डिसेंबरच्या आत परमिट येईल याची खात्री नसेल तर टेक्सासमध्येच सोय बघा. तुमचा मेव्हणा किंवा सासऱ्यांचा कुणी भाऊबंद टेक्सासचा रहिवासी असेल, पात्र असेल, तर त्याला ते सरळ देऊ शकतात. टेक्सासमध्ये दोन रहिवाशांच्या खासगी व्यवहाराला दुकानदार लागत नाही. पुढे वर्षभराने तुमचे कागद झाले की तो तुम्हाला दुकानदारामार्फत पाठवेल. फक्त ती खरोखर त्याला दिलेली असू द्या, नावापुरती नको.

आणि कुणीच नसेल तर विकून टाका. हे सांगायला दुकानातल्या माणसाला जड जातं, पण सांगतो. नीट काम करणारी पंप शॉटगन इकडे नवी चार-पाचशे डॉलरला मिळते. शॉटगनमध्ये भावना नसेल तर फक्त रिव्हॉल्व्हर आणा, त्यात भावना असेल तर. सासऱ्यांना विचारा, त्यांनी ते का घेतलं होतं. बहुतेकदा मोटेलच्या किंवा पेट्रोल पंपाच्या दिवसांतली एखादी गोष्ट निघते, आणि ती ऐकल्यावर गन ठेवायची की गोष्ट, ते आपोआप ठरतं.

काडतुसं मात्र तिकडेच राहू द्या. त्यांच्या कपाटातल्या पेटीत होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ गोळीची काडतुसं, असण्याची शक्यता मोठी, आणि न्यू जर्सीत त्यांचे नियम घराबाहेर पडलं की कडक होतात. रेंजवर कुणाला तरी देऊन टाका म्हणावं.

त्याला जोडूनच एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. सासरे पुण्याला जाताना कुठल्या बॅगा नेणार आहेत? रेंजवर नेलेली एखादी जुनी डफल बॅग त्यात असेल तर ती बाजूला काढा. अस्तराच्या शिवणीत, बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात, तळाच्या पुठ्ठ्याखाली एखादं काडतूस अडकून राहतं आणि वर्षानुवर्षं कळत नाही. इकडच्या विमानतळावर सापडलं तर दंडावर निभावेल. मुंबईला सापडलं तर आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली गुन्हा, रात्र पोलीस ठाण्यात, आणि मग "माझ्या नकळत राहिलं" हे हायकोर्टात पटवून गुन्हा रद्द करून घेईपर्यंत वर्ष जातं. कोर्टं ते बऱ्याचदा मान्य करतात, पण तोवर पासपोर्ट अडकलेला असतो. त्या बॅगा अंगणात उलट्या करून झटका, कप्प्यांत बोटं घालून चाचपा, आणि ती डफल बॅग सरळ कचऱ्यात टाका.